खेळाचें यंत्र दिवाणखान्यांत येतें तेव्हां

या सदरांतून आजवर मी मुलांचें पाठांतर, घरांतला ग्रंथसंग्रह, निवृत्तांची दिनचर्या अशा विषयांवर लिहीत आलों. आजचा विषय पाहून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. छत्तीस वर्षें वर्गांत 'खेळ पुरे, पुस्तकें काढा' असें सांगणारा मास्तर खेळाच्या यंत्रांची चर्चा करूं लागला तर ती पडावयाचीच. परंतु जी वस्तु घरोघर येत आहे तिच्याविषयीं माहीतगारानें मौन धरणें बरें नव्हे. आणि या विषयांत मी, सांगावयास थोडा संकोच वाटतो, बराच जुना माहीतगार आहें.

१९८४ च्या सुमारास केंद्र सरकारनें शाळांना संगणकाची ओळख करून देणारी 'क्लास' नांवाची योजना काढली आणि बीबीसी मायक्रो जातीचे इंग्रजी बनावटीचे संगणक निवडक शाळांत आले. आमच्या शाळेच्या वांट्यास तो आला नाहीं. शेजारच्या शाळेंत आला, आणि तो पाहावयास मी संस्कृतचा तास संपवून धोतराचा सोगा सांवरीत नव्हे, तर सायकल दामटीत गेलों होतों. पुढें नव्वदच्या दशकांत आमच्याकडेहि संगणक आला, व त्याच्याबरोबर मुलांनीं कोठून तरी आणलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेक्नर नांवाच्या अमेरिकन तरुणानें हा खेळ १९८९ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या धाकट्या भावाला धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें, आणि त्यावरून एकेक चित्र काढून त्यानें तो राजपुत्र चालता केला. त्या राजपुत्रानें ६० मिनिटांच्या आंत राजकन्येला सोडवावयाचें असतें. माझी ६० मिनिटें पुष्कळ वेळां संपली. २००१ सालीं घरांत स्वतःचा संगणक घेतला आणि 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागानें मला जें धरलें तें सोडलें नाहीं. राज्य वसवावें, लांकूड-धान्य सांठवावें, तट बांधावा, मग शत्रूचा समाचार घ्यावा. चतुरंगाची आवड असलेल्यास हें व्यसन लागावयास वेळ लागत नाहीं.

असो. गेल्या वर्षीं, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं, मायक्रोसॉफ्टनें विंडोज-१० ची नित्याची सेवा थांबविली. ज्यांना पाहिजे त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरती मुदतवाढ देऊं केली, पण ती मुदतवाढच. माझा संगणक २०१४ चा. विंडोज-११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. माझा त्याच्या बऱ्याच पिढ्या आधींचा. दुरुस्तीवाल्यानें डबा उघडून पाहिला, धूळ फुंकली, आणि 'सर, आतां नवीनच घ्या' म्हणून सांगितलें. यासाठीं थोडी रक्कम मीं बाजूला टाकली होतीच. तिच्यापलीकडे जावयाचें नाहीं, कारण सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनीं सांगून ठेवली आहे व ते पैसे वेगळे आहेत.

नवा संगणक घ्यावयाचा हें जवळजवळ ठरलेंच होतें. इतक्यांत दिवाळी आली आणि मुलीबरोबर दहा वर्षांची नात आली. पाडव्याच्या दुपारीं मी आंतल्या खोलींत खेळावयास बसलों असतां ती येऊन उभी राहिली. दहा मिनिटें उभ्या उभ्या पाहून म्हणाली, "आजोबा, मी कुठें बसूं?" खोलींत खुर्ची एकच. टेबल भिंतीला लावलेलें. मीं तिला पलंगाच्या कडेला बसविलें, तर तिला माझ्या पाठीपलीकडचें कांहीं दिसेना. स्वयंपाकघरांतून सौ. म्हणाली, "बाळ, तिथें जागा नाहीं. पंचवीस वर्षें मीहि त्यांची पाठच पाहतें आहें." बोलणें सहज होतें, त्यांत राग नव्हता. राग असता तर मीं उत्तर दिलें असतें.

त्या रात्रीं प्रथमच माझ्या मनांत आलें कीं संगणकाऐवजीं टीव्हीला जोडावयाचें यंत्र, ज्याला मुलें कन्सोल म्हणतात, तें घेतलें तर?

आतां जन्मभर संगणकावर खेळलेल्या मनुष्यास कन्सोल म्हणजे पोरखेळ वाटतो. नव्वदच्या दशकांत घरोघर जो 'टीव्ही गेम' असे, ज्यांत एकाच कॅसेटमध्यें नऊशें नव्याण्णव खेळ म्हणून दहाच खेळ फिरून फिरून येत, त्याचीच आठवण मनांत असते. तो निन्तेन्दो कंपनीच्या १९८३ च्या यंत्राची नक्कल होता. आजचीं यंत्रें त्या जातीचीं नव्हेत. सोनीचें प्लेस्टेशन-५ आणि मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स सीरिज एक्स हीं दोन्हीं नोव्हेंबर २०२० मध्यें निघालीं. दोहोंच्या पोटांत एएमडी कंपनीचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी व वेगवान एसएसडी आहे. म्हणजे आंत पाहिलें तर तो एक संगणकच, फक्त त्याला दुसरें काम करावयाची परवानगी नाहीं. माझा पत्रव्यवहार, पंचांगाचे तक्ते, या सदराचें लेखन त्यावर होणार नाहीं. त्याच्या उलट त्याला कोणतें कार्ड बसवूं, कोणता ड्रायव्हर टाकूं ही विवंचनाहि नाहीं. खेळ करणाऱ्यास यंत्र नेमकें ठाऊक असतें, त्यामुळें लावलें कीं चालतें.

किमतीचा हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे. त्या तोडीचा संगणक जुळवूं गेल्यास ग्राफिक्स कार्डांतच अर्धीअधिक रक्कम जाते. शिवाय २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यानें रॅमच्या किमती भराभर चढल्या. दुकानदारानें मला जो आंकडा सांगितला तो ऐकून मीं पाणी मागितलें. कन्सोल त्यापेक्षां स्वस्त पडतो. पण तो स्वस्त कां, हें विचारलें पाहिजे. २०२१ सालीं अमेरिकेंतल्या एका न्यायालयांत मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानें साक्ष दिली कीं एक्सबॉक्सच्या यंत्राच्या विक्रींत कंपनीला कधींच नफा झालेला नाहीं. मग नफा कोठून? तो पुढें विकत घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळांतून. संगणकावर स्टीमच्या दुकानांत वर्षांतून तीन-चार वेळां खेळांचा जो सुकाळ होतो आणि दोन-तीनशें रुपयांत चांगला खेळ मिळतो, तसें येथें क्वचित् होतें. शिवाय संगणकावर इंटरनेटवरून दुसऱ्याशीं खेळावयास निराळें पडत नाहीं; कन्सोलवर बहुतेक विकतच्या खेळांसाठीं वार्षिक वर्गणी भरावी लागते. आणि एक चमत्कारिक गोष्ट: पूर्वीं असलीं यंत्रें जुनीं होत तसतशीं स्वस्त होत, प्लेस्टेशन-५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजीं ४९,९९० रुपयांस आलें आणि पुढें ५४,९९० वर गेलें. तेव्हां 'थोडें थांबूं, उतरेल' हें आपलें नेहमींचें शहाणपण येथें कामास आलें नसतें.

मला खरी धास्ती पैशांपेक्षां हाताची होती. पुतण्याकडे प्लेस्टेशन आहे. त्याच्या घरीं जाऊन प्रयोग केला आणि अक्षरशः फजीत झालों. कंट्रोलर दोन्ही हातांत धरावयाचा, दोन अंगठ्यांखालीं दोन लहान दांड्या. डाव्या दांडीनें चालावयाचें, उजवीनें पाहावयाचें. माझा वीर पांच मिनिटें आकाशाकडे पाहात भिंतीला धडका देत राहिला. पुतण्या हंसूं दाबीत म्हणाला, "काका, हा माऊस नाही."

तो सहज बोलला, पण मर्म त्यांतच आहे. माऊस दोन बोटें सरकविला कीं पडद्यावरचें चिन्ह ठराविक अंतर सरकतें. हात थांबला कीं चिन्ह थांबलें. दांडीचें तसें नाहीं. दांडी कलविली कीं दृष्टि फिरूं लागते व ती कललेली आहे तोंपर्यंत फिरतच राहते. अधिक कलविली तर अधिक वेगानें फिरते. म्हणजे माऊस अंतर सांगतो, दांडी वेग सांगते. फळ्यावरच्या अक्षरावर छडी ठेवणें निराळें आणि होडीचें सुकाणूं धरणें निराळें. जो जन्मभर छडी ठेवीत आला तो सुकाणूंहि छडीसारखेंच झटक्यानें हलवितो, आणि होडी गरगर फिरते. म्हणूनच बंदुकीच्या खेळांत कन्सोलवर नेम धरणारास यंत्र गुपचूप मदत करतें. लक्ष्याजवळ दृष्टि आली कीं तिचा वेग आपोआप मंदावतो. संगणकावरचे जुने खेळाडू याला लबाडी म्हणतात. मीहि म्हणत असें. पुतण्याकडच्या त्या दुपारनंतर म्हणत नाहीं.

पण उलट बाजूहि आहे व ती संगणकवाल्यांना सुचत नाहीं. कीबोर्डाची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. तुमचा वीर एकतर पूर्ण धांवतो किंवा उभा राहतो. दांडी किंचित कलविली तर तो हळू चालतो, जास्त कलविली तर भराभर चालतो. मोटारीचा खेळ असेल तर हा फरक फार मोठा. आणि माझ्या उजव्या मनगटाला, जें पंचवीस वर्षें टेबलाच्या कडेवर घांसलें गेलें, आरामखुर्चींत मांडीवर हात ठेवून खेळणें फार मानवलें. दोष इतकाच कीं त्या दांड्यांच्या बुडाशीं घासणारे भाग असतात. ते झिजले कीं हात न लावतां वीर आपण होऊन चालूं लागतो, आणि मग कंट्रोलर बदलावा लागतो.

माझ्या 'एज ऑफ एम्पायर्स'चें काय, ही चिंता होती. तो खेळ मुळांत माऊसचा. शंभर गांवकऱ्यांना एकेक करून कामास लावावयाचें तें दांडीनें कसें जमावें? परंतु १९९९ चा तो दुसरा भाग नव्या रूपांत जानेवारी २०२३ मध्यें एक्सबॉक्सवर व २०२५ मध्यें प्लेस्टेशन-५ वर आला, आणि गांवकऱ्यांची कामें आपोआप वांटून देण्याची सोय त्यांत केली आहे. खेळून पाहिला. चालतो, पण दुसऱ्याच्या हातून पूजा करविल्यासारखें वाटतें. यासाठीं मीं जुना संगणक इंटरनेटपासून तोडून तसाच ठेवावयाचें ठरविलें. त्यावर तो एक खेळ चालेल तितके दिवस चालो.

आतां तिन्हीं कंपन्यांपैकीं कोणती? निन्तेन्दो ही १८८९ सालीं क्योतोमध्यें फुलांच्या चित्रांचे पत्ते करणारी कंपनी म्हणून निघाली. कुटुंबानें एकत्र बसून खेळण्याचे खेळ तिच्यासारखे कोणी करीत नाहीं, हें निर्विवाद. तिचें स्विच २०१७ सालीं व स्विच-२ हें ५ जून २०२५ रोजीं निघालें. मी चौकशी केली तेव्हां आपल्याकडे तें परस्पर आणलेल्या मालांतूनच मिळत होतें. बिघडलें तर हमी कोणाची, यास दुकानदारापाशीं उत्तर नव्हतें. मास्तराच्या पैशाला तें परवडण्यासारखें नाहीं. एक्सबॉक्सचें धाकटें यंत्र सर्वांत स्वस्त, आणि मासिक वर्गणी भरून पुष्कळ खेळ खेळण्याची त्यांची योजना तरुणांना फार आवडते. पण त्या धाकट्या यंत्रांत डिस्क घालण्याची जागाच नाहीं, आणि या एका मुद्द्यावर मी अडून बसलों.

याचें कारण सांगतों. माझ्या कपाटांत आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आहे. तो माझ्या गुरुजींचा. पहिल्या पानावर त्यांच्या गुरूंचें नांव आहे, त्याखालीं त्यांचें, त्याखालीं माझें. स्टीमच्या माझ्या खात्यांत आज ७३ खेळ आहेत. ते मीं विकत घेतले असें मी समजत होतों; पण अटी वाचल्यावर कळलें कीं मीं विकत घेतला तो केवळ खेळण्याचा परवाना, आणि तें खातें दुसऱ्याच्या नांवें करतां येत नाहीं. मृत्युपत्रानेंहि नाहीं. एका गृहस्थानें विचारलें असतां कंपनीनें तसें स्पष्ट कळविल्याचें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें होतें. पासष्टाव्या वर्षीं मनुष्य असल्या अटी तरुणपणापेक्षां अधिक लक्ष देऊन वाचतो. उलट डिस्क ही वस्तु आहे. ती शेजाऱ्याला देतां येते, जुनी घेतां येते, विकतां येते, नातीला ठेवतां येते. प्लेस्टेशन-५ वर प्लेस्टेशन-४ च्या बहुतेक डिस्का चालतात, आणि जुन्या बाजारांत त्या पुस्तकांच्या भावांत मिळतात. डिस्क म्हणजे सर्व कांहीं आलें असें नव्हे. पुष्कळ खेळ डिस्क घातल्यावरहि इंटरनेटवरून दुरुस्त्या मागतात, आणि स्विच-२ च्या कांहीं कार्डांत तर खेळ नसतोच, खेळ उतरवून घेण्याची केवळ किल्ली असते. घेण्यापूर्वीं वेष्टणावरचा बारीक मजकूर वाचावा. तरी पण वस्तु ती वस्तु.

डिस्क चालणारें प्लेस्टेशन-५ घेतलें.

ही वार्ता आळींत पसरली तेव्हां एका वयोवृद्ध स्नेह्यांनीं मला बाजूला घेऊन विचारलें कीं सरकारनें हे खेळ बंद केले ना? गैरसमज बऱ्याच घरांत असेल म्हणून लिहितों. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें जो कायदा केला तो पैसे लावून खेळावयाच्या खेळांविरुद्ध आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचा विलाप सांगणारें अक्षसूक्त आहे. घर, बायको, सासू सर्वांनीं पाठ फिरविलेल्या त्या मनुष्याचें दुःख आणि मोबाइलवर पगार घालवून बसलेल्या तरुणाचें दुःख एकच. टीव्हीवर राजपुत्र पळविणें हें निराळें. मात्र पालकांनीं एका ठिकाणीं सावध असावें. फुकट म्हणून मिळणाऱ्या कित्येक खेळांत पोषाख, हत्यारें, बंद पेट्या पैसे घेऊन विकतात, आणि पेटींत काय निघेल तें उघडल्याखेरीज कळत नाहीं. ही फांशांचीच धाकटी बहीण. बँकेचें कार्ड यंत्रांत नोंदवून ठेवूं नये, मुलाचें खातें वेगळें करावें, त्यांत वयाची व खर्चाची मर्यादा घालावी. वेष्टणावर ३, ७, १२, १६, १८ असे वयाचे आंकडे असतात. नातीसाठीं मी १८ चें कांहीं आणीत नाहीं, आणि तिच्या आईनें फोनवर मला तें तीनदां बजावलें.

डिसेंबरांत यंत्र आलें. दिवाणखान्यांत टीव्हीखालीं जागा केली. कपाटांत कोंडूं नये, त्याला वारा लागतो. यंत्राबरोबर 'ॲस्ट्रोज प्लेरूम' नांवाचा लहानसा खेळ आधींच घातलेला असतो, कंट्रोलर शिकविण्यासाठीं. मी तो चाचपडत पुरा केला. नंतर मुद्दाम आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं काढलेला 'राजी' खेळलों. भाऊ हरवलेली सर्कशींतली मुलगी, पाठीशीं दुर्गा आणि विष्णु, राजस्थानी वाड्यांसारखे महाल. खेळ चार-सहा तासांतच संपतो, पण भिंतीवरचीं चित्रें पाहात मीच तो लांबविला.

आणि मग दुसरा कंट्रोलर घेऊन 'इट टेक्स टू'. २०२१ चा हा स्वीडिश खेळ एकट्याला खेळतांच येत नाहीं. पडदा दुभंगलेला, दोघांनीं दोन बाजू सांभाळावयाच्या. घटस्फोट घ्यावयास निघालेलें एक जोडपें मुलीच्या दोन बाहुल्या होऊन बसतें आणि पुन्हां माणसें होण्यासाठीं दोघांना पदोपदीं एकमेकांचा हात लागतो. सौ.नें आधीं साफ नकार दिला. "मला तुमचा माऊससुद्धां धरतां येत नाहीं." पण जें मला पंचवीस वर्षांच्या संवयीनें जड गेलें तें तिला सोपें गेलें, विसरावयाचें असें तिच्यापाशीं कांहींच नव्हतें. तिसऱ्या दिवशीं ती फळीवरून फळीवर उडी मारून पलीकडे पोंचली आणि मी खालीं पडलों. "अहो, घाई करतां तुम्ही," ती म्हणाली. मग माझी वाट पाहात पलीकडच्या फळीवर थांबली. गुडघा दुखतो म्हणून ती संध्याकाळीं हल्लीं फारशी बाहेर पडत नाहीं. आतां दिवेलागणीनंतर तासभर आम्हीं दोघें सोफ्यावर शेजारीं बसतों. बोलणें बहुतेक भांडणाचेंच असतें, 'आतां ओढा', 'अगोदर कां सोडलेंत' असें.

मे महिन्यांत नात येईल. तिच्यासाठीं तिसरा कंट्रोलर घ्यावा असा सौ.चा आग्रह आहे. माझें म्हणणें असें कीं प्लेस्टेशनबरोबर आलेला एक आणि वेगळा घेतलेला एक, असे दोन घरांत आहेतच. दोन्हीं आळीपाळीनें पुरतील. यावर तिनें विचारलें आहे कीं मग तुम्ही कुठें बसणार?